नवरंग पाहायला निघण्यापूर्वी : नव्या पक्षीनिरीक्षकांसाठी मार्गदर्शक

नवरंग पाहण्यासाठी पहिल्या वर्षी मी जून महिन्यात सलग चार रविवार कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेलो आणि चारही रविवारी तो मला फक्त ऐकू आला. शीळ आली की मी त्या दिशेने निघायचो, दहा-बारा पावले टाकली की शीळ बंद व्हायची, आणि मी थांबून चष्म्यावरचे पाणी पुसेपर्यंत ती पाठीमागून कुठून तरी पुन्हा सुरू व्हायची. पाचव्या खेपेला पाय भरून आले म्हणून वहाळाच्या काठी एका दगडावर बसलो आणि डबा उघडला. पहिला घास तोंडात असतानाच समोरच्या करंजाखालच्या पाचोळ्यात काहीतरी टुणकन उडाले. पंधरा फुटांवर नवरंग होता. त्याने चोचीने एक पान उचलून बाजूला टाकले, मान तिरकी करून खाली पाहिले, दुसरे पान टाकले आणि ओल्या मातीतून एक गांडूळ ताणून बाहेर काढले. माझी दुर्बीण पिशवीत होती आणि हात भाताने बरबटलेले होते, त्यामुळे ते सगळे मी नुसत्या डोळ्यांनी पाहिले.

पुढच्या सगळ्या वर्षांत जे शिकलो ते जवळजवळ सगळे त्या दगडावरच्या दहा मिनिटांचे स्पष्टीकरण आहे. पहिल्याच पावसाळ्यात तुमचे चार रविवार वाया जाऊ नयेत, म्हणून ते क्रमाने लिहीत आहे.

१. आधी पक्षी नीट ओळखून घ्या

नवरंग हा साळुंकीपेक्षा लहान, साधारण १९ सेंटिमीटर लांबीचा, गुबगुबीत पक्षी आहे. शेपूट इतके आखूड की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते तुटले असावे असे वाटते. उलट पाय लांब आणि चोच जाड आहे. पाठ हिरवी, खांद्यावर आणि शेपटीच्या वरच्या भागावर चमकदार निळा रंग, गळा पांढरा, छाती-पोट फिकट बदामी आणि शेपटीखालचा भाग लालभडक असतो. डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारी रुंद काळी पट्टी आणि तिच्यावरची बारीक पांढरी भुवई ही त्याच्या चेहऱ्याची खूण आहे. उडताना काळ्या पंखांवर पांढरा ठिपका लखकन दिसतो. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे जोडीतला नर कोणता या वादात पडू नका. रंग खरोखर नऊ आहेत का, हे मी अनेकदा मोजून पाहिले आहे. पायांचा गुलाबी धरूनही माझी गणती आठाच्या पुढे गेलेली नाही.

पिट्टा हे त्याच्या शास्त्रीय नावातले पहिले पद तेलुगूतून घेतलेले आहे. तेलुगूत ‘पिट्ट’ म्हणजे पाखरू. दुसरे पद ‘ब्रॅकियुरा’, म्हणजे आखूड शेपटीचा. लिनिअसने १७६६ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले तेव्हा त्याला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत बसवले होते. कावळ्याशी तर त्याचे नाते दूरचे आहेच, पण आपल्या अंगणातल्या दयाळ-बुलबुलांपेक्षाही तो वेगळ्या शाखेतला आहे. दयाळासारखे पक्षी आपले गाणे ऐकून शिकतात. पिट्टा ज्या गटात मोडतो त्या गटातल्या पक्ष्यांचा आवाज बहुतांशी उपजत असतो. त्याची शीळ इतकी साधी आणि ठरावीक का, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो.

पश्चिम भारतात पिट्टाची ही एकच जात आहे, त्यामुळे कुळातल्या इतर जातींशी गल्लत होण्याची भीती नाही. गल्लत होते ती इतरांशी. जंगलातल्या अंधूक प्रकाशात जमिनीवर पाने उलटणारा नारिंगी डोक्याचा कस्तुर हमखास फसवतो. त्याचे डोके आणि पोट नारिंगी असते, पाठ निळसर करडी असते आणि पांढऱ्या गालावर दोन उभ्या गडद रेघा असतात. नवरंगाची काळी पट्टी आडवी असते. पाचू कवडाही हिरव्या पाठीमुळे क्षणभर चकवतो, पण तो कवड्यासारखा मान हलवत चालतो. नवरंग चालत नाही, टुणटुण उड्या मारतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर रंग दिसण्याआधीच निम्मे काम होते. घराच्या गॅलरीत येऊन पडलेला नवरंग मात्र शहरातल्या लोकांना नेहमीच खंड्या वाटतो.

२. केव्हा आणि कुठे जायचे ते ठरवा

नवरंग हा भारतीय उपखंडातच स्थलांतर करणारा पक्षी आहे. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. उन्हाळा संपता संपता तो उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाचा पायथा, मध्य भारत आणि सह्याद्रीचा काही भाग येथे पावसाच्या तोंडावर वीण करतो. गोव्यातल्या जंगलांत म्हणूनच तो हिवाळ्यातही भेटतो, तर मुंबई-रायगडकडे त्याची खरी चाहूल मेच्या अखेरीस लागते. पहिले दोन-तीन पाऊस पडून पाचोळा मऊ झाला, गांडुळे वर आली, की तो बोलू लागतो.

नवख्याने जूनचा पहिला पंधरवडा गाठावा असे माझे मत आहे. त्या वेळी पक्षी आपापल्या हद्दी ठरवत असतात आणि एकमेकांना सतत उत्तरे देत असतात. जुलैच्या मध्यानंतर झाडोरा इतका माजतो की पक्षी दहा फुटांवर असला तरी दिसत नाही, आणि पिल्ले झाल्यावर त्याचे ओरडणेही बरेच कमी होते.

ठिकाणांपैकी कर्नाळा सर्वांत सोयीचे आहे. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गावर पेणच्या दिशेला जेमतेम १२ किलोमीटरवर ते आहे आणि पेणकडे जाणारी एसटी दारात उतरवते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून ठाण्याकडचे येऊर आणि वसईजवळचे तुंगारेश्वर येथेही तो आहे. विदर्भात राहणाऱ्यांना नागझिरा, पेंच आणि ताडोबा जवळचे पडतात. मात्र व्याघ्र प्रकल्पांचा गाभा साधारण जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून तिकडे जायचे तर जून संपण्यापूर्वी जावे लागते.

एक सापळा इथेच सांगतो. पावसाळ्यात धबधब्यांवर गर्दी आणि अपघात वाढले की प्रशासन अनेक ठिकाणी जाण्यास मनाई करते, आणि ही मनाई आदल्या दिवशीही निघू शकते. निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्या. पहाटे चारला उठून बंद दारासमोर भिजत उभे राहण्याची पाळी माझ्यावर दोनदा आली आहे.

३. कागदपत्रे आणि सामान

फार काही लागत नाही, पण जे लागते ते विसरून चालत नाही.

- फोटो असलेले ओळखपत्र, मूळ आणि एक छायाप्रत. काही दारांवर नोंदवहीत क्रमांक लिहून घेतात.
- प्रवेश आणि कॅमेरा शुल्कासाठी सुटे पैसे. जंगलाच्या दाराशी मोबाईलला रेंज असेलच याची खात्री नसते.
- ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, दुर्बीण. नवखा माणूस १०×४२ कडे ओढला जातो, कारण मोठे दिसते. पण भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा हा साधा हिशेब करून पाहा : पहिलीत डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो, दुसरीत ४.२ चा. भर पावसाळ्यात, दाट झाडीखाली, सकाळी साडेसहाला हा फरक प्रत्यक्ष जाणवतो. शिवाय नवरंग जवळच दिसतो, त्यामुळे दोन-तीन मीटरपर्यंत स्पष्ट दिसेल अशीच दुर्बीण घ्या.
- बसण्यासाठी जाड प्लास्टिकचा तुकडा.
- हिरवट किंवा मातकट रंगाचा रेनकोट. चालताना सळसळ आवाज करणारा नको. पिवळा तर नकोच.
- लहान वही आणि पेन्सिल. ओल्या कागदावर पेन फिसकटते, पेन्सिल उमटते.
- घोट्याच्या वर जाणारे बूट आणि लांब विजार. कोकणात जमिनीवर फुरसे असते, खालच्या फांद्यांवर चापडा हा हिरवा विषारी साप असतो आणि दोघेही तुमच्यासाठी वाट सोडत नाहीत. बसण्यापूर्वी दगडाच्या कडा आणि झाडाचा बुंधा काठीने चाचपून घ्या.

कॅमेऱ्याबद्दल मी मुद्दामच यादीत लिहिलेले नाही. पहिल्या वर्षी तो घरी ठेवलात तर बरे.

४. जंगलात जाण्याआधी कान तयार करा

नवरंगाची शीळ दोन सुरांची आहे. पहिला सूर चढता आणि लांब, दुसरा तुटक आणि खाली येणारा : ‘व्हीऽऽत्-ट्यू’. आवाज स्वच्छ, मोठा आणि माणसाने मारलेल्या शिटीसारखा असतो. पहाटे आणि संध्याकाळी तो हमखास ऐकू येतो. तमिळमध्ये त्याला आरुमणी कुरुवी, म्हणजे सहा वाजताचे पाखरू, म्हणतात ते याचमुळे. आभाळ भरलेले असेल तर भर दुपारीही तो बोलतो, म्हणून ढगाळ दिवशी नऊ वाजता घरी परतण्याची घाई करू नका.

घरी बसून ही शीळ पन्नास वेळा ऐका. त्याच जंगलात त्याच वेळी पावशा ओरडत असतो, रानकोंबडा आरवत असतो आणि शीळकरी कस्तुर एखाद्या उनाड पोरासारखा लांबलचक, भरकटलेली शीळ घालत असतो. कस्तुराची शीळ कुठे वळेल हे सांगता येत नाही. नवरंगाची दर वेळी तीच असते. हा फरक कानात बसला की गोंधळ संपतो.

आता सर्वांत मोठा सापळा, ज्यात माझे चार रविवार गेले. नवरंग जमिनीवर चरतो हे वाचून आपण आवाज आला की जमिनीवर शोधू लागतो. पण ओरडताना तो पुष्कळदा जमिनीवर नसतोच. तो झाडाच्या आडव्या फांदीवर, कधी तुमच्या डोक्याच्या बराच वर, बसलेला असतो, आणि शीळ घालताना मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. रात्रीही तो झाडावरच झोपतो. त्यामुळे शीळ चालू असेल तर नजर फांद्यांवर ठेवा आणि शीळ थांबली की पाचोळ्यावर आणा.

५. जागा निवडा आणि बसा

शिळेचा पाठलाग करू नका. दोन-तीन पक्षी एकमेकांना उत्तर देत असतील तर त्यांच्या मधल्या भागात, पायवाटेवरूनच दिसेल अशी जागा शोधा. जागा अशी हवी : वर दाट सावली, बाजूला कारवीचे किंवा बांबूचे गचपण, आणि समोर निदान दहा-बारा मीटर झुडपे नसलेला, पानांनी झाकलेला उतार. जवळ लहानसा वहाळ असेल तर उत्तम. तिथे माती मऊ राहते आणि पाण्याच्या आवाजात तुमची हालचाल लपते.

झाडाला पाठ टेकवून बसा, म्हणजे तुमची आकृती उठून दिसत नाही. फोन बंद करा. नुसता थरथरता ठेवला तरी शांत जंगलात तो ऐकू जातो. निदान पाऊण तास उठायचे नाही असे ठरवून बसा. पहिली वीस मिनिटे काहीच घडत नाही आणि नेमके विसाव्या मिनिटाला नवखे लोक उठतात. जोराची सर येऊन गेल्यानंतरची दहा मिनिटे सर्वांत चांगली, कारण फांद्यांवरून थेंब टपटपत असतात, पाचोळ्यात किडे हलू लागतात आणि नवरंग चरायला उतरतो. थेंबांमुळे पाने सगळीकडेच हलतात, म्हणून हलणारे पान शोधू नका. उलटे पडणारे पान शोधा.

चार-पाच जणांच्या गटाने गेलात तर दोघा-दोघांनी वेगळे बसा. दहा जणांचा गट नेऊन नवरंग दाखवता येतो यावर माझा विश्वास नाही.

६. दिसल्यावर काय पाहायचे

‘दिसला’ म्हणून खूण करून उठणे हा स्वतःवरच अन्याय आहे. त्याच्या शेपटाकडे पाहा : ते आखूड टोक तो सावकाश वर-खाली करत असतो. चोचीने पाने कशी भिरकावतो, एका जागी किती वेळ थांबतो, काय उचलतो ते पाहा. गांडुळे, अळ्या, किडे, गोगलगायी हे त्याचे खाणे. चोचीत चारा साठवून तो गिळत नसेल आणि पुन्हा पुन्हा एकाच दिशेने जात असेल, तर जवळपास पिल्ले आहेत असे समजा आणि तिथून निघा. दचकला तर तो खालून लांब उडत नाही. जवळच्या फांदीवर चढून पुतळ्यासारखा बसतो. अशा वेळी तुम्हीही हलू नका, बहुधा तो पुन्हा उतरतो.

७. घरटे शोधू नका, आवाज वाजवू नका

नवरंगाचे घरटे म्हणजे वाळकी पाने, काड्या आणि गवत यांचा मोठा, ओबडधोबड गोळा. त्याला बाजूने गोल तोंड असते आणि ते जमिनीवर किंवा झाडाच्या खालच्या फांद्यांमध्ये असते. आत चार-पाच चकचकीत पांढरी, तांबूस-जांभळ्या ठिपक्यांची अंडी असतात. उबवणे आणि भरवणे दोघेही करतात. एवढी माहिती पुरे आहे. प्रत्यक्ष पाहण्याची गरज नाही. तुम्ही झुडपे बाजूला सारून गेलात की मागे जी वाट तयार होते, तीच मुंगूस आणि भारद्वाज यांच्या उपयोगी पडते. चुकून घरटे दिसलेच तर न थांबता पुढे चला, आणि त्याची जागा कोणालाही सांगू नका, अगदी मित्राच्या मित्रालाही.

मोबाईलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला बोलावणे ही आता साथच झाली आहे. पक्षी येतो हे खरे आहे. पण तो येतो ते आपल्या हद्दीत परका नर घुसला असे समजून, अंडी किंवा भुकेली पिल्ले सोडून. एका सकाळी एकाच जागी तीन गटांनी पाठोपाठ असे केलेले मी पाहिले आहे. तो पक्षी तासभर फांदीवरून फांदीवर ओरडत फिरत होता आणि त्या तासात त्याने एकही पान उलटले नाही. घरातला सराव घरातच ठेवा. वाटाड्या स्वतःहून आवाज वाजवू लागला तर त्याला सरळ नको म्हणा. पैसे तुम्ही देत असता. फ्लॅशलाही हाच नियम लावा.

८. नोंद ठेवा

तारीख, वेळ, आभाळ, पाऊस आणि ‘ऐकला’ की ‘पाहिला’ हे वेगवेगळे लिहा. किती पक्षी वेगवेगळ्या दिशांनी बोलत होते तेही लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर फक्त ऐकलेला पक्षीही बिनदिक्कत नोंदवा. अशा लपणाऱ्या पक्ष्यांची बरीचशी माहिती कानानेच जमते. वीण चालू असल्याच्या खुणा दिसल्या असतील तर नेमकी जागा देण्याऐवजी जंगलाचे नाव द्या. त्या वर्षीची पहिली शीळ कोणत्या तारखेला ऐकली हे दर वर्षी लिहून ठेवलेत, तर काही वर्षांत तुमच्या वहीत एक छोटा इतिहास तयार होतो. माझ्या वहीतल्या पहिल्या चार पानांवर मात्र फक्त ‘ऐकला, दिसला नाही’ एवढेच आहे.

९. दमलेला नवरंग घरात आला तर

नवरंग रात्री प्रवास करतो. मेच्या अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर परतताना तो शहरांवरून जातो, दिव्यांनी गोंधळतो, काचांवर आपटतो आणि सकाळी एखाद्या जिन्यात किंवा गॅलरीत बसलेला सापडतो. जंगलात कधीही न गेलेल्या माणसालाही हा प्रसंग येऊ शकतो.

कावळे आणि मांजरे यांच्यापासून त्याला आधी वाचवा. हलका रुमाल टाकून त्याला उचला आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, ठेवा. झाकण लावा आणि खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जाते. दूध, भात, शेव यांपैकी काहीही देऊ नका. पिंजऱ्यात ठेवून शेजाऱ्यांना दाखवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला घरात पाळणे हा गुन्हा आहे. रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल किंवा तासा-दोन तासांनीही तो उभा राहत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नुसता दमलेला असेल तर खोक्यात पाय आपटू लागतो. मग उजेड असतानाच, कावळे नसलेल्या, झाडी असलेल्या जागी खोके जमिनीवर आडवे ठेवून झाकण उघडा आणि मागे व्हा.

आमच्या इमारतीच्या जिन्यात असाच एक आला होता. दुपारी चारच्या सुमारास मागच्या आवारात, पेरूच्या झाडाखाली, खोके उघडले. तो लगेच निघाला नाही. खोक्याच्या काठावर बसून त्याने दोनदा शेपूट हलवले, मग खाली उडी मारली आणि पहिले काम केले ते पेरूचे एक वाळके पान उलटण्याचे.